मॅरिटचा घेवडा

वर्लीन आमच्या पाळणाघरात एकतीस वर्षं दोन-अडीच वर्षांची पोरं सांभाळत होती. मी तिथल्या स्वयंपाकघरात. तिच्या वर्गाचं आणि माझं दार समोरासमोर, त्यामुळे तिचे दिवस मी बटाटे सोलता सोलता पाहिले.

अमेरिकेच्या उत्तरेला, आमच्या डलूथ गावात एप्रिलातही बर्फ असतो. बाहेर जायचं म्हणजे चौदा पोरांना जाड विजारी, बूट, हातमोजे चढवायचे. शेवटच्याचं होईतो पहिल्याला शू लागलेली. म्हणून एप्रिलात वर्लीन वर्गातच बिया पेरायला घ्यायची. कागदी पेले, पिशवीतली माती, घेवड्याच्या बिया. दोघं-तिघं माती खायचे, एखादं बी कुणाच्या तरी नाकात जायचं.

"बी झोपलंय. पाणी द्यायचं आणि थांबायचं," ती दरवर्षी सांगायची. अलीकडे हे वाक्य ती डोळे मिटून म्हणत असे.

त्या वर्षी वर्गात मॅरिट होती. अडीच वर्षांची झाली तरी तोंडातून शब्द नाही. थांबणं तिला मंजूर नव्हतं. सकाळी कोट काढायच्या आधीच ती आपल्या पेल्यापाशी जायची, बोटानं माती उकरून बी बाहेर काढायची आणि खिडकीच्या उजेडात धरून बघत राहायची. वर्लीन ते परत पुरायची.

"अगं राणी, सारखं उठवलंस तर ते वाढेल कधी?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आठव्या दिवशी नुकतं फुटलेलं मूळ तिच्या बोटांत तुटून आलं. इतरांच्या पेल्यांत हिरवं दिसू लागलं होतं.

शुक्रवारी पालक बघायला येणार होते. अशा वेळी करायचं काय, ते ठरलेलं होतं. माझ्या खिडकीत चार-पाच जादा रोपं वाढवलेली असायची. गुरुवारी पोरं घरी गेली की वर्लीन नापास पेले गुपचूप बदलून टाकायची. आजवर एकाही पालकाला पत्ता लागला नव्हता.

"मॅरिटचा पेला बदललास ना?" आमची मॅनेजर रोझलिन जाता जाता विचारून गेली.

वर्लीन पोरांच्या बुटक्या खुर्चीत बसली होती. "बदलते," ती म्हणाली. मी रोप तिच्यासमोर नेऊन ठेवलं. तिनं त्याच्याकडे बघितलं. "सकाळी करीन गं. आता नको."

सकाळी ती नेहमीच्याच वेळेला आली आणि तिच्या मागोमाग पालक. पेला तसाच राहिला.

मॅरिटच्या आईनं, ब्रेन्नानं, पेल्यात वाकून पाहिलं. "सगळ्यांचं उगवलं. आमचंच नाही?"

"ती रोज उकरून बघते. मूळ तुटलं."

"मग तुम्ही अडवलं नाहीत?"

"अडवलं. रोज अडवलं. पण चौदा पोरं आणि मी नि मदतनीस अशा दोघीच आहोत, ब्रेन्ना."

ब्रेन्नाचा चेहरा लाल झाला. आता ही ओरडणार, असं मला वाटलं. पण ती खाली बसली आणि लेकीच्या कोटाची चेन उघडू लागली. "घरीसुद्धा असंच करते," ती हळूच म्हणाली. "परवा स्वयंपाकघरातलं घड्याळ उघडलं. डॉक्टर म्हणतात, थांबा, बोलेल. किती थांबायचं?"



दुपारी पोरं निजल्यावर वर्लीन माझ्या दारात आली. "लोणच्याची रिकामी बरणी आहे का?" बरणीच्या आतून तिनं ओला कागद लावला आणि कागद व काच यांच्यामध्ये तीन बिया अडकवल्या. "बघू दे तिला काय बघायचंय ते. माझ्यात आता रोज पुरायचा दम नाही."

सोमवारी काही नव्हतं. मॅरिटनं बरणी सगळ्या बाजूंनी पाहिली, हात आत जात नाही म्हणून रडली, मग गप्प झाली. बुधवारी एका बीतून पांढरं मूळ खाली आलं. ती काचेला नाक लावून उभी राहिली. गाजराचे तुकडे आले तरी हलली नाही.

"पाय," ती म्हणाली.

वर्लीननं माझ्याकडे पाहिलं. "ऐकलंस?"

"ऐकलं."

संध्याकाळी ब्रेन्नानं लेकीला बरणीसमोर उभं केलं. "काय आहे ते, बाळा? सांग ना." मॅरिटनं दाराकडे बोट दाखवलं. तिला घरी जायचं होतं. "खरंच बोलली?" ब्रेन्नानं तीनदा विचारलं. आम्ही तिन्ही वेळा हो म्हटलं. पुढचा शब्द यायला तीन आठवडे लागले, आणि तो घरी आला: "नको". ब्रेन्ना ते सांगायला धावत वर्गात आली.

वेल बरणीत पिवळी पडू लागली, तेव्हा आम्ही ती कुंपणाशी लावली. मे संपत आला होता तरी एका पहाटे दव गोठलं आणि वेल काळी पडली. मॅरिटनं ती उपटून मुळं बघितली.

जूनमध्ये वर्लीन निवृत्त झाली. निरोपाच्या वेळी रोझलिननं भाषण केलं: पालकांशी खरं बोलायचं धाडस, अनुभवातून सुचलेली नवी पद्धत, वगैरे. टाळ्या झाल्या.

नंतर वर्लीन केकची ताटली घेऊन माझ्या स्वयंपाकघरात आली.

"कसलं धाडस गं? त्या गुरुवारी मला खुर्चीतून उठवत नव्हतं, एवढंच."

"मग तिथं सांगितलं का नाहीस?"

"त्यालाही उभं राहावं लागलं असतं," ती म्हणाली, आणि केक खाऊ लागली.