काळी मेंदी आणि आमची अक्का

परभणीच्या दवाखान्यात अक्का शेवटची भेटली तेव्हा हाताला सलाईन, छातीला तारा, आणि बाईसाहेबांना काळजी कसली? "माला, डोक्यावर पदर घे गं माझ्या. डॉक्टर यायलेत." हार्ट अटॅक येऊन पडलेली बाई पांढरे केस झाकत होती! मी पदर ओढून दिला. म्हणाले, "डॉक्टर तपासायला यायलेत अक्का, तुमाला पसंत करायला न्हाई." ती हसली... दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या दिरांचा फोन आला. अक्का गेली होती.

अक्का माझी थोरली जाऊ. केस पिकायला लागले तेव्हापासून दर महिन्याला एका रविवारी मानवतला आमच्या घराच्या मागच्या अंगणात तमाशा रंगायचा. तिच्या खांद्यावर जुना परकर, माझ्या हातात डायची वाटी. डोकं जराही न हलवता ती गल्लीतल्या एकूण एक बाईची नक्कल करायची आणि हसता हसता माझा ब्रश तिच्या कपाळावर घसरायचा. कितीतरी वर्षं काही झालं नाही. मग तिच्या लेकीच्या साखरपुड्याच्या महिनाभर आधी डाय लावला आणि रात्रीपासून टाळू खाजायला लागली. सकाळी बघते तर कपाळ फुगलेलं, कानांमागे पाणी भरलेले फोड, डोळे उघडेनात.

"कशी दिसायलेय गं मी?"

"भरल्या वांग्यावाणी."

शेजारीण हळद-खोबरेल घेऊन धावली. मी तिला दारातूनच परत पाठवलं आणि अक्काला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आधी भरपूर पाण्यानं, साध्या शाम्पूनं डोकं धुवायला लावलं. गोळ्या दिल्या, मलम दिलं, गार पाण्याच्या घड्या ठेवायला सांगितल्या. "खाजवायचं नाही. ओठ सुजले, श्वास अडकला तर घरी थांबायचं नाही. आणि यापुढे डाय बंद. कायमचा."

"इतकी वर्षं तर चाललं की!"

"आता अंगानं नाही म्हटलंय. ते परत हो म्हणत नाही."

साखरपुड्याला सूज उतरली होती, पण केसांच्या मुळाशी चांगलीच पांढरी रेघ आलेली. मुलाच्या आत्यानं विचारलं, "नवरीच्या आजी का तुमी?" अक्का म्हणाली, "न्हाई, पणजी. आजी ती तिकडं, लाडू वाटायलीय," आणि माझ्याकडं बोट! मांडव हसला. मीही हसले. नंतर भांड्यांच्या खोलीत ती एकटीच पदर तोंडाला लावून बसलेली दिसली...

पुढं काही महिन्यांनी तिनं माझ्या नकळत, चोरून केसांना काळी मेंदी लावली. "मेंदी म्हंजे पाला. पाल्यानं काय व्हतंय?" पाकिटावर मेंदीचं नाव, पण तो काळा रंग पाल्याचा नव्हता, डायमधल्याच रसायनाचा होता. या वेळी ओठ सुजले, आवाज गेला, श्वासाची शिट्टी वाजायला लागली. रिक्षात तिनं माझा हात असा धरला होता की बांगड्या रुतल्या. इंजेक्शन, ऑक्सिजन... वाचली. आवाज फुटल्यावर पहिलं वाक्य काय? "माला, काळ्या केसांनी मेले असते गं निदान."

मी तिला तिथंच, सगळ्यांसमोर, पोटभर शिव्या दिल्या. आणि त्या दिवसापासून घरात हवालदार झाले. कपाटं तपासायची, गादीखाली हात घालायची, दुकानदारांना दम देऊन ठेवायची. ती मला "जेलर बाई" म्हणायची, आणि पाहुणे आले की डोक्यावर पदर घ्यायची.

तेराव्याआधी फोटो मोठा करायला दिला. स्टुडिओवाल्यानं दिरांना विचारलं, "काकूंचे केस काळे करू का? कम्प्युटरवर होतंय." दीर माझ्याकडं बघत राहिले. या बाबतीत घरात हुकूम माझाच चालायचा.

"कर," मी म्हणाले. "पार मुळापासून कर. आता तिला काय बी व्हत न्हाई."

आता बैठकीत अक्का काळ्याभोर केसांनी बसलेली असते. मिजाशीत. रोज सकाळी उदबत्ती लावायला मी समोर उभी राहते, आणि नमस्काराआधी माझी नजर तिच्या कपाळाच्या कडेला जाते... लाल तर झालं नाही ना?