उंबऱ्यावरचा तांब्या

ही गोष्ट माझ्या तोंडून कधी बाहेर पडलेली नाही. वसतिगृहातल्या मुलींजवळ नाही, भावाजवळ नाही. जिच्याजवळ बोलायला हवी तिच्याजवळ तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि हाही भित्रेपणाच आहे, ते मला कळतं.

आमचा पाडा तलासरीच्या पूर्वेला, डोंगराच्या अंगाला. तिथून डहाणूला कॉलेजात आलेली घरातली मी पहिलीच. दुसऱ्या वर्षी आमच्याकडे इंग्रजी बोलण्याचा वर्ग सुरू झाला. त्यात एक धडा होता परदेशात राहण्याविषयी. अब्रॉड, होमसिक, कल्चर शॉक, होस्ट फॅमिली — असे शब्द. बाकीच्या मुली ते पाठ करायच्या. कोणाची मावशी अमेरिकेत, कोणाचा भाऊ कॅनडाला जायच्या तयारीत. मला पाठ करावे लागले नाहीत. मी ते सगळे आधीच जगले होते, नावं तेवढी माहीत नव्हती.

वसतिगृहातल्या पहिल्या दिवसांत मी बोलताना घरचा एखादा शब्द यायचा आणि टेबलावरच्या मुली हसायच्या. वाईट नव्हत्या त्या, नुसत्या हसायच्या. मग मी बोलण्याआधी प्रत्येक शब्द तपासायला लागले. रात्री पांघरुणात तोंड घालून घरच्या भाषेत पुटपुटायचे. याला कल्चर शॉक म्हणतात, हे धड्यात कळलं. पण वर्गात मॅडमनी उदाहरण विचारलं तेव्हा मी काय सांगितलं? कॅनडातला बर्फ. मॅडम म्हणाल्या, छान. पाहा, खरं लपवायची सवय तेव्हाच लागली होती.

मुलींना मी सांगितलं होतं की आमचं घर हायवेजवळ आहे, स्लॅबचं. आई घरीच असते. खरं तर आमचं घर कुडाचं, आणि आई मोसमात बोर्डीच्या चिकूवाडीत कामाला जाते. संध्याकाळी परतते तेव्हा तिची बोटं चिकाने एकमेकांना चिकटलेली असतात. मला याची लाज का वाटावी? मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. लाज मात्र तेव्हा वाटत होती.

मग परदेशातली काही मुलं-मुली कॉलेजात आली. त्यांना एखादा पाडा बघायचा होता, भिंतीवरची चित्रं, घरचं जेवण. मॅडमनी दुभाषी म्हणून मला निवडलं. तुझं इंग्रजी चांगलं आहे आणि तिकडची भाषा तुला येते, असं म्हणाल्या. कुठे जायचं ते मी विचारलं नव्हतं. गाडी हायवे सोडून आत वळली, आमच्या शाळेवरून पुढे गेली, तेव्हा कळलं. बोलायला पुष्कळ वेळ होता. नुसतं एक वाक्य — मॅडम, हे माझंच गाव. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

रस्त्यालगत पहिलं घर आमचं. भावाच्या लग्नातली पांढरी चित्रं गेरूच्या भिंतीवर अजून होती. मॅडम म्हणाल्या, इथेच थांबू. आई दारात आली. मला बघून तिचा चेहरा उजळला, आणि ती काही बोलणार एवढ्यात मी पुस्तकातल्या मराठीत म्हणाले, "मावशी, कॉलेजचे पाहुणे आलेत. आत आलं तर चालेल का?"

आई थांबली. मग डोक्यावरचा पदर नीट करून म्हणाली, "या बाई. बसा तुम्ही."

ही मराठी ती दवाखान्यातल्या नर्सशी बोलते, वाडीच्या शेठशी बोलते. माझ्याशी कधीच बोलली नव्हती.

आमच्याकडे पाहुणा आला की उंबऱ्यावरच त्याच्या हातात पाण्याचा तांब्या देतात. घरचं माणूस आलं तर कोणी देत नाही. ते सरळ आत जातं, माठापाशी वाकतं, आपलं आपण घेतं. आईने सगळ्यांना पाणी दिलं. मॅडमना दिलं. शेवटी तांब्या माझ्यासमोर धरला. मी प्याले.

मॅडम आणि बाकीचे फोटो काढायला मागच्या भिंतीकडे गेले. तेवढ्यात शेजारची म्हातारी काठी टेकत आली. "कदी आलीस गं पोरी? आन् अशी पाव्हण्यावानी काय बसलीस?"

आईनेच तिला गप्प केलं. "कामावर आहे ती. तू जा घरी." मला वाचवलं तिने. कोणापासून?

एक पिवळ्या केसांची मुलगी चुलीपाशी आईजवळ जमिनीवर बसली होती. तिने विचारलं, तुम्हाला मुलं किती? मी आईला विचारलं. माझ्या आईला, मी, हे विचारलं.

"दोन," आई म्हणाली. "पोरगा कंपनीत जातो. पोरगी शिकते. लांब."

मी इंग्रजीत सांगितलं, हिची मुलगी अब्रॉड असते. शब्द किती सहज आला. ती मुलगी खूश झाली. ती होमसिक होते का, असं तिने विचारलं. मी तेही आईला विचारलं.

"तिचं ती जाणे," आई म्हणाली. माझ्याकडे न बघता भाकरी उलटवत होती. "मला येते आठवण. सांगा त्यांना."

मी पहिलं वाक्य सांगितलं. दुसरं नाही सांगितलं.

निघताना मॅडम म्हणाल्या, परदेशात अशी होस्ट फॅमिली मिळाली तर नशीबच म्हणायचं. मी मान हलवली.

त्यानंतर घरी गेले तेव्हा आई घरच्याच भाषेत बोलली. केसांना तेल लावलं, वसतिगृहात पोटभर देतात का विचारलं. त्या दिवसाचा विषय तिने काढला नाही, मीही नाही. फक्त एक झालं आहे. मी दारात पोचले की ती तांब्या घेऊन येते. टोमणा असता तर मी ओळखला असता, रडले असते, पाय धरले असते. पण टोमणा नाही. तिला वाटतं, मला आता असंच आवडतं.

मागच्या शनिवारी ठरवून गेले होते की सरळ आत शिरायचं, माठातलं घ्यायचं. चपला काढून वर बघितलं तर आई उंबऱ्यावर उभी होती. तांब्या घासून लख्ख केलेला. मी दोन्ही हातांनी घेतला आणि दाराबाहेर उभी राहून प्याले.