नर्सरीतला पैलवान

पैलवान कधी आखाड्यात उतरला नव्हता. अंगाने आडदांड, म्हणून गल्लीने ठेवलेलं नाव. यंत्रांचे सुटे भाग विकायची त्याची नोकरी सुटली, तेव्हा नर्स असलेली बायको म्हणाली, "माझ्या ड्युट्यांपायी लेकीला तूच वाढवलंस. गल्लीतली पोरंही तुझ्याच अंगाखांद्यावर असतात. तेच रीतसर शीक ना!" त्याने शिशुशिक्षणाच्या वर्गात नाव घातलं.

सासऱ्यांना पेच पडला. चारचौघांत जावयाचं काय सांगायचं? "नर्सरीचं शिकतोय," एवढंच ते पुटपुटले. शेजारी लगेच गुलाबाची कलमं मागायला आले, आणि सासऱ्यांनी ती पावसाळ्यानंतर द्यायचं कबूलही करून टाकलं.

वर्गात बाकी सगळ्या मुली; शेवटच्या बाकात गुडघे अडकवून हा बसायचा. शिकवणाऱ्या बाई पिवळ्या पडलेल्या कागदांवरून वाचून दाखवत, "मूल खेळातून आणि बोलण्यातून शिकतं. लिहून घ्या. आणि बोलू नका."

पैलवानाने ते मनावर घेतलं. परीक्षेच्या पाठाला विषय मिळाला 'पाणी'. त्याने टब भरला, वाट्या, गाळणी, बाटल्या आणल्या आणि पोरांना सोडलं मोकळं. गाळणीत पाणी का राहत नाही यावर दोघांचं कडाक्याचं भांडण जुंपलं. तिसरीने ते मिटवण्यासाठी वाटी उपडी केली, ती नेमकी परीक्षकांच्या बुटात.

"वर्गावर ताबा नाही," परीक्षक मोजा पिळत म्हणाले आणि त्याला नापास करून गेले.

फेरपरीक्षेला त्याने भिंतीवर ढगाचं चित्र टांगलं, पोरांना हाताची घडी घालायला लावली आणि पट्टीने ढग दाखवला. एक पोरगं बसल्या बसल्या घोरायला लागलं. परीक्षकांनी शेरा दिला, 'उत्कृष्ट शिस्त.' घरी येऊन पैलवान म्हणाला, "पास झालो गं," आणि तोंड फिरवून चपला काढत बसला.

पुढे शाळांनी त्याला शाळेच्या बसवर, फाटकावर, झालंच तर सामान हलवायला घ्यायची तयारी दाखवली. वर्गावर मात्र नाही. "पुरुषमाणूस, पालक काय म्हणतील?" शेवटी एका शाळेतली बाई ऐन सत्रात सोडून गेली, म्हणून मुख्याध्यापिकाबाईंनी नाइलाजाने त्याला घेतलं. पालक शाळा बघायला आले, की त्या काचेतून बोट दाखवायच्या, "ते? मदतनीस आहेत आमचे." आत पैलवान ते ऐकत ऐकत रंगाने माखलेले हात धूत असायचा, चारपाच जणांचे एकदम.

वर्ष सरलं. प्रवेशाच्या वेळी पालक खिडकीशी अडून बसले, "त्या मोठ्या सरांचाच वर्ग हवा." बाईंना एकाएकी साक्षात्कार झाला. "बालशिक्षणात पुरुष हवेतच, हे मी पहिल्यापासून सांगतेय!" असं त्यांनी पालकसभेत ठणकावून सांगितलं.

जाहिरातीच्या फलकासाठी फोटो काढायचा ठरला. पैलवानाला पोरांसोबत खाली बसवलं, आणि बाई पुढे येऊन उभ्या राहिल्या. फलकावर त्याचा एक कान तेवढा दिसतो. तोही एका पोरीने ओढून धरलेला.