बंडी उभी आहे

"काऊन जी मोहोड साहेब, माह्या दुकानाची तेरवी जेवून राह्यले का तुमच्या कट्ट्यावर?"

फोनवर नामदेवराव थूल होते. वडनेरला त्यांचं कृषी केंद्र, म्हणजे बियाणं-खताचं दुकान. कट्टा म्हणजे आमचा 'कपाशी कट्टा', वर्ध्यातल्या एका छोट्या कंपनीनं शेतकऱ्यांसाठी काढलेला फोरम. मोबाईलवर इंटरनेट यायचं होतं, लोक सायबर कॅफेत बसून लिहायचे. फोरम म्हणजे इंटरनेटवरचा पार. एकानं विषय काढायचा, बाकीच्यांनी खाली लिहीत जायचं. त्या वाढत्या शेपटीला थ्रेड म्हणतात. आणि पारावर मारामारी होऊ नये म्हणून पगार देऊन बसवलेल्या माणसाला म्हणतात मॉडरेटर. तो मी. शेतीशी माझा संबंध भाजी आणण्यापुरता.

मी थ्रेड उघडला. 'वडनेरचा वाघ' नावाच्या मेंबरनं लिहिलं होतं, "थूलकडचा चना पेरला. उगवलाच नाही. बी बोगस आहे. कोणी घेऊ नका." खाली रांग लागली होती. "माझंही तेच झालं." "लायसन काढून घ्या." हरभऱ्याच्या पेरणीचे दिवस होते. नामदेवरावांची रब्बीची सगळी विक्री याच दिवसांत व्हायची.

"सकाळपासून गिऱ्हाईक नाई," ते म्हणाले. "एक आला, तोही थैली वापस कराले."

"घाबरू नका. मी आहे ना."

हे वाक्य मी नोकरीत ज्यांना ज्यांना ऐकवलं, त्यांचं पुढं काही चांगलं झालेलं नाही.

मी अख्खा थ्रेड डिलीट केला आणि चहाला गेलो. परत येईपर्यंत त्याच विषयाचे नवे थ्रेड उगवले होते. कट्ट्यावरची उगवण उत्तम होती. "सत्य का पुसलं?" "थूलनं कंपनीले जेवाले घातलं का?" आधी संशय बियाण्यावर होता, आता आमच्यावरही आला. मग मला हुक्की आली. मी वाघाला बॅन केलं. बॅन म्हणजे त्या मेंबरला दार बंद. पण तो नवं नाव घेऊन परत येईल, म्हणून मी जास्त शहाणपणा केला. प्रत्येक इंटरनेट कनेक्शनला एक नंबर असतो, त्याला आयपी म्हणतात. वाघ हिंगणघाटच्या कॅफेतून लिहायचा. मी तो नंबर आणि त्याच्या आसपासचे सगळे नंबर ब्लॉक केले.

थोड्या वेळानं आमचे मालक राठी शेठ टेबलाशी येऊन उभे राहिले.

"मोहोड, तू हिंगणघाट बंद केलं का?"

"नाही शेठ, एका माणसाला..."

"माझा साला तिथं बसला आहे. आपल्याले ॲड तोच देते. त्याले दिसून राह्यलं, 'आपल्या वर्तनामुळे आपणास प्रवेश नाकारण्यात आला आहे.' त्यानं काय वर्तन केलं रे भाऊ?"

तेवढ्यात पुन्हा नामदेवरावांचा फोन. "उत्तर लिहाले मी हिंगणघाटले गेलतो. तुमच्या मशीननं मलेच हाकललं! आता लोक म्हणते, थूल बोलत नाई म्हणजे चोर आहे."

शेठ म्हणाले, "हे आठवडाभरात निस्तर. नाही तर कट्टा बंद, और तू भी."

मला एकच नाव सुचलं. सुनंदाताई वानखेडे. सिंदी रेल्वेच्या बाजार समितीत त्या पर्यवेक्षक होत्या आणि कट्ट्यावर कापसाच्या प्रतीबद्दल लिहायच्या. त्यांच्या थ्रेडमध्ये शिव्या देत शिरलेला माणूस थोड्या वेळानं समोरच्याला "तुमच्याकडं पाऊस कसा आहे?" असं विचारताना मी पाहिला होता. हे त्या कसं करतात ते मला कळलं नव्हतं, आणि पगार तर मी घेत होतो.

फोनवर त्यांनी सगळं ऐकलं. "बी पाह्यलं का तुमी?"

"मी? मी कशाला पाहू?"

"मग पुसलं कोणाच्या भरवशावर? उद्या इकडं या मोहोड भाऊ. यार्डात आवक आहे, फोनवर बोलाले मले टाईम नाई."

दुसऱ्या दिवशी मी सिंदीला पोचलो तेव्हा यार्डात एका बंडीभोवती, म्हणजे बैलगाडीभोवती, गर्दी होती. लिलावात बोली लावलेला व्यापारी ओरडत होता, खालचा कापूस ओला आहे, भाव तोडा. शेतकरी त्याच्या वरताण ओरडत होता. बघ्यांपैकी प्रत्येकाला आपलं मत होतं. सुनंदाताई मध्ये शिरल्या.

"बंडी उभी ठेवा!"

आवाज असा की मीही उभा राहिलो.

"ज्याले बोलाचं आहे त्यानं हात घालून बोला. बाकीच्यांनी तोंडं शिवा."

व्यापाऱ्यानं बाही सारून खांद्यापर्यंत हात आत घातला. मग शेतकऱ्यानं. मग ताईंनी. एक कोपरा ओला निघाला, बाकी माल कोरडा. कोपऱ्यातला कापूस वेगळा काढला, उरलेला बोलीच्या भावानं गेला. दोघं एकाच टपरीवर चहाला गेले.

"पाह्यलं?" ताई म्हणाल्या. "भांडण मी नाई मिटवलं. नुसती बंडी हालू देली नाई. तुमी तर बंडीच गायब केली. मग लोक म्हणनारच ना, मालात खोट होती."

मी वर्ध्याला परतून हिंगणघाट मोकळं केलं. डिलीट केलेला थ्रेड कचऱ्याच्या टोपलीतून बाहेर काढला आणि त्याच्या डोक्यावर लाल अक्षरांत लिहिलं, "बंडी उभी आहे." खाली ताईंनी सांगितलेला नियम: ज्यानं थूलकडून चना घेतला आणि ज्याच्याकडं त्यातलं बी उरलं आहे, त्यानंच बोलावं. "माझंही तेच झालं"वाले एकेक करून पांगले. एकानं तर कबूल केलं की तो पुण्यात राहतो आणि त्याला शेतच नाही.

वाघ मात्र खरा निघाला. बॅन असल्यामुळे तो नवं नाव घेऊन परत आला आणि या वेळी खरं नावही सांगितलं. गजानन, वडनेरचाच. त्याच्या थैलीत बी उरलं होतं. रविवारी ताई सिंदीहून आल्या, मी कॅमेरा घेऊन गेलो. नामदेवरावांच्या ओट्यावर ओलं गोणपाट पसरलं. अर्ध्या भागावर गजाननच्या थैलीतले दाणे, अर्ध्यावर दुकानातले. वर गोणपाट घडी करून झाकलं.

"दुकानात ठेवाल तर मी मानत नाई," गजानन म्हणाला.

"माह्या घरी ठेव म्हणतो का मी?" नामदेवराव तडकले. "ठेव समोरच्या हाटेलात. गावाले पाहू दे."

गोणपाट हॉटेलात गेलं. हॉटेलवाला ते ओलं ठेवायचा. फोटो काढायला मी रोज बसनं वडनेरला जायचो, आणि रोज नामदेवराव तिथं चहा पीत बसलेले असायचे. दुकानात गिऱ्हाईक नव्हतंच. गोणपाटाकडं ते बघायचे नाहीत. पण त्यांची खुर्ची मात्र रोज थोडी जवळ सरकलेली असायची. कट्ट्यावर लोक फोटोची वाट बघायचे. शिव्या बंद झाल्या होत्या. बंडी उभी होती ना.

गोणपाट उघडलं त्या दिवशी ताई पुन्हा आल्या आणि हॉटेलात पाय ठेवायला जागा नव्हती. दोन्हीकडच्या दाण्यांना पांढरेशुभ्र मोड आले होते. नामदेवरावांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला. मागून कोणीतरी हसलं. गजाननची मान खाली गेली. पण दुसरं कोणी हसायच्या आत ताईंनी विचारलं, "गजानन, पाणी कवा देलं?"

"लाईनच नव्हती ना ताई, लोडशेडिंग. पेरून टाकलं. मंग लाईन आली तवा पाणी सोडलं."

बायाबापड्यांसकट सगळ्यांनी "अरेरे" केलं. मला काहीच कळलं नाही. ताईंनी समजावलं. काळ्या रानात आधी पाणी द्यायचं, वापसा आला, म्हणजे माती ना ओली ना कोरडी झाली, की मग पेरायचं. पेरून वर पाणी भरलं की बी आतच सडतं.

मी तिथंच वहीवर मथळा लिहिला, 'खोटा आरोप उघड!' ताईंनी वही ओढून घेतली.

"हे तुमी नाई लिहाचं. त्याले लिहू द्या."

'वडनेरचा वाघ' या नावावरचा बॅन मी काढला. गजाननं हिंगणघाटला जाऊन त्याच नावानं लिहिलं, "बी चांगलं होतं. पाणी मागून देलं म्हणून सडलं. थूल काकांचं नाव घेतलं ते चुकलं. लाईनचा भरोसा नसेल तर पेरायची घाई करू नका." त्याखाली लोकांनी लोडशेडिंगमध्ये हरभरा कसा पेरायचा यावर जे लिहिलं, ते आमच्या कट्ट्यावरचं सर्वांत जास्त वाचलं गेलेलं पान ठरलं. मी आधी पुसून टाकलेला थ्रेड तो हाच.

नामदेवरावांच्या दुकानात गर्दी परतली. पहिली थैली त्यांनी गजाननला काढून दिली, उधारीवर. "वापसा आल्यावर पेरजो. नाई तर यंदा तुह्या नावाचा थ्रेड मी काढतो."

सगळं ऐकून राठी शेठनी मला विचारलं, "मग ह्याच्यात तू काय केलं?"

"फोटो काढले, शेठ."

शेठनी त्याच दिवशी सुनंदाताईंना मॉडरेटर केलं. ताईंनी एकच अट घातली, माझ्या स्क्रीनवरचं डिलीटचं बटण काढून त्यांच्याकडं द्यावं. त्यानंतरही मी बरीच वर्षं त्या कट्ट्यावर नोकरी केली. ते बटण त्यांनी कधी दाबल्याचं मला आठवत नाही. ते हाताशी नसल्यामुळे मला मात्र रोज भांडणं पूर्ण वाचावी लागली, आणि मॉडरेटरचं काम तेवढंच असतं हे मला पगार घेता घेता कळलं.