सासऱ्यासमोरची खुर्ची

"झीरो!" सर म्हणाले. "खुर्चीवर बसता येत नाही. घरी पाठवा."

समोर कौशल्या वॉकर धरून उभी होती, पदर पार कपाळाखाली ओढलेला. अड्याळकडच्या शेतकरी घरातली सून. छातीचा कॅन्सर मांडीच्या हाडात उतरलेला. हाड आतून पोखरलेलं, कधी मोडेल याचा नेम नाही. मोडण्याआधी आतून रॉड बसवला, तर उरलेले दिवस ती आपल्या पायांवर काढणार. पण ऑपरेशन नागपूरला, आणि तिकडे कोणाला पाठवायचं हे 'फंक्शन' बघून ठरायचं. फंक्शन म्हणजे पेशंटचं रोजचं उठणं, बसणं, चालणं. ते मोजायचं काम माझं, मी फिजिओथेरपिस्ट. पण त्या दिवशी नागपूरहून आमच्या भंडाऱ्याच्या दवाखान्यात आलेल्या सर्जन सरांना परतायची घाई. त्यांनीच खुर्ची सरकवली, "बस" म्हणाले. ती हलली नाही. झालं मोजमाप!

मला पटेना. आदल्या दिवशी माझ्यासमोर ती त्याच खुर्चीवर बसली होती, उठलीही होती. मी जवळ जाऊन विचारलं, "फार दुखतंय का?"

ती कुजबुजली, "दुखते तं हाय जी बाई. पण मामाजी उभे हायेत ना. त्याहिच्यासमोर खुर्चीवर कशी बसू?"

दाराशी तिचे सासरे उभे होते, टोपी हातात घेऊन.

"सर, पुन्हा बघा. सासऱ्यांसमोर ती खुर्चीवर बसणार नाही."

"मॅडम, मी फंक्शन मोजतो, रीतिरिवाज नाही."

"मग तुम्ही मोजलं ते फंक्शन नव्हतंच!"

माझा आवाज चढला. चढणारच. एका बाईच्या उरलेल्या आयुष्याचा निकाल, आणि यांना पाच मिनिटं जड!

सासरे ऐकत होते. ते थेट सरांवर उखडले, "मले काहून नाही सांगितलं? मी भायेर गेलो असतो ना!" बाहेर जाऊन त्यांनी दार ओढून घेतलं.

कौशल्या बसली. हातांवर भार देऊन हळूहळू उठलीही. सरांनी झीरो खोडला. चुकलं, असं मात्र म्हणाले नाहीत. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

रॉड बसला. ती फार जगली नाही. नंतर सासरे मुद्दाम भंडाऱ्याला येऊन मला सांगून गेले, "आखरीपर्यंत आपल्या पायानं परसाकडे गेली जी बाई. कोणाले उचलू नाही देल्लं."

तेव्हापासून पेशंटला मोजायच्या आधी मी खोलीत कोण उभं आहे ते बघते.