माय आणि विलायती भूत

अकोल्याच्या घरी एका दुपारी मी टीव्हीवर सत्तरच्या दशकातला विलायती भुताचा पिक्चर लावला होता. लांब केसांची हिप्पी पोरं गंमत म्हणून मेलेल्या सरदाराला उठवतात आणि तो पोरींच्या मानेचं रक्त पितो. फक्त क्रूस दाखवला की मागे सरतो. शेजारच्या काकू मायला म्हणाल्या, "तुमी बौद्ध. घरात देव नाई, अंगारा नाई. असा आला तर काय दाखवसान?"

मी भांडायलाच उठले होते. पण माय लसूण सोलता सोलता शांतपणे म्हणाली, "सरदारच हाय ना थो? जित्तेपनी असल्या लोकाईनं आमच्या हातचं पानी नाई पेलं. मेल्यावर रक्त पेतीन काय?"