एका दमातलं समालोचन

कबड्डीचा गडी मध्यरेषा ओलांडून चढाईला गेला की तो परत येईपर्यंत आमचे तात्या माईकवर एका दमात बोलायचे. त्यांचा स्वतःचा खेळ गुडघ्यापायी तरुणपणीच सुटला आणि ते समालोचक झाले. पण खेळ सुटला हे छातीला कोण सांगणार?

काल मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो. चढाई लांबली. तात्यांच्या मानेच्या शिरा फुगल्या, आवाज बारीक झाला आणि वाक्य अर्ध्यावरच राहिलं. मोठा श्वास घेऊन त्यांनी माईक खाली ठेवला.

"पाणी देऊ, तात्या?"

"नको रे. दम तुटला की बाद. बाहेर बसायचं."

मला वाटलं, गंमत करताहेत. पण ते लंगडत गेले आणि बाद गडी बसतात त्या बाकावर टोकाला बसले.

तेवढ्यात टाळ्या झाल्या. समोरच्या संघाचा एक गडी टिपला गेला होता. समोरचा एक बाद झाला की आपला एक बाद गडी परत आत येतो. म्हणून त्या बाकावरचा पहिला पोरगा उठला, मातीला हात लावून परत खेळायला गेला. मग आणखी एक टिपला गेला, तसा दुसराही गेला.

तात्या तसेच बसून राहिले. त्यांना परत आत घ्यायला, त्यांच्या बाजूने खेळणारं आता कुणी उरलं नव्हतं.